बाथरूम नवीन केलं, शॉवर हलवला आणि आता पाणी तुंबतंय? फरशी फोडायच्या आधी हे बघा

जुन्या फ्लॅटमधलं चार बाय सात बाथरूम, रिनोव्हेशनमध्ये शॉवर एका कोपऱ्यातून उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेला, काचेचं पार्टिशन आलं, मोठ्या टाइल्स आल्या, फोटो मस्त आले, आणि दोन महिन्यांत फोन येतो की दादा पाणी जातच नाहीये. मी ठाणे-डोंबिवली पट्ट्यात प्लंबिंगची कामं घेतो आणि हल्ली नवीन बाथरूम बनवण्यापेक्षा दुसऱ्याने बनवलेलं नवीन बाथरूम दुरुस्त करायलाच जास्त जातो. प्रत्येक ठिकाणी मालकांना वाटत असतं चोकअप आहे, ॲसिड टाकून झालेलं असतं, पाईप साफ करायची स्प्रिंग मारून झालेली असते. पण नवीन कामात चोकअप क्वचित असतो, जास्त करून उंची कमी पडलेली असते. शॉवर हलवताना पाईपला लागणारी उंची कोणी मोजलेलीच नसते.

आधी लक्षणं. तुमच्याकडे नक्की काय होतंय ते यातून ओळखा, कारण उपाय त्यावर ठरतो.

- अंघोळ चालू असताना पाणी चढत जातं, शॉवर बंद केला की पाच-सात मिनिटांत आपोआप उतरतं
- पाणी जाताना गुडगुड आवाज, आणि मध्येच अडकून मग एकदम भसकन जातं
- वॉशिंग मशीनचं पाणी सुटलं की शॉवरच्या जाळीतून फेस वर येतो
- तुमच्या घरात कोणी नळ उघडलेला नसताना जाळीतून पाणी वर येतं
- चार दिवस गावाला जाऊन आलं की वास
- वास रोजच, पाणी असो नसो
- एका कोपऱ्यात पाणी साचून राहतं, जाळीपर्यंत पोचतच नाही
- बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला लोणा, रंगाचे पोपडे, नाहीतर खालच्या घरातल्या काकांच्या छताला ओल

आता तपासण्या. फुकटातल्या आधी, फोडाफोडी शेवटी. क्रम बदलू नका, कारण शेवटचं काम आधी केलं की आधीच्या तपासण्या करायचं कारणच उरत नाही, फरशी तर गेलेली असते.

जाळी काढा आणि बादली ओता

जाळी लावलेली असताना एक भरलेली बादली शॉवरखाली ओता, किती वेळात जाते बघा. मग जाळी काढा आणि तेवढीच बादली परत ओता. दुसऱ्या वेळी पाणी गटकन गेलं तर पाईपला हात लावायची गरज नाही, दोष जाळीचा. हल्ली ती टाइल बसवायची जाळी असते ना, वरून फक्त बारीक फट दिसते, ती दिसायला छान पण त्या फटीत ग्राउट भरलेलं असतं आणि त्यावर केस. काही जाळ्यांच्या खाली झुरळं आणि वास अडवायला वाटी असते, ती केसांनी भरते. वाटी धुवा, परत लावा. फेकू नका! पाणी हळू जातं म्हणून वाटी काढून टाकायची आणि मग महिनाभराने वासाची तक्रार करायची हे मी फार बघितलंय.

शॉवरच जास्त पाणी सोडतोय का

हे कोणी बघतच नाही. आधी साधा शॉवर होता, आता छताला मोठा रेन शॉवर लावला, वर प्रेशर पंप. बादली शॉवरखाली धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. १५ लिटरची बादली दीड मिनिटात भरली तर मिनिटाला १० लिटर, साध्या शॉवरचं ते असतं. पाऊण मिनिटात भरली तर मिनिटाला २० लिटर, म्हणजे त्याच जुन्या ट्रॅपवर (जाळीखालचं वळण, ज्यात पाणी साठून वास अडतो) दुप्पट पाणी. "शॉवर बंद केला की आपोआप उतरतं" हे लक्षण असेल तर हे आधी तपासा. अँगल कॉक थोडा बंद करून बघा, पाणी तुंबणं थांबलं तर निदान तात्पुरता प्रश्न सुटला, आणि पाईप बंद नाही एवढं तरी कळलं.

फरशीचा ढाळ

पाणी जाळीपर्यंत पोचतच नसेल तर पाईपाला कशाला दोष द्यायचा. कोरड्या फरशीवर चारही कोपऱ्यांत तांब्याभर पाणी ओता आणि बघा कुठे थांबतं, गोटी सोडून बघितली तरी चालेल. शॉवर हलवला पण जुनी जाळी तिथेच ठेवली की गवंड्याला ढाळ उलटा फिरवावा लागतो, आणि दोन बाय चारच्या मोठ्या टाइलला चारही बाजूंनी ढाळ देता येत नाही, ती कापावी लागते, आणि कापलेली टाइल मालकांना दिसायला नको असते. मग तो सपाट बसवून टाकतो. यात प्लंबरला बोलवून उपयोग नाही, गवंड्याला बोलवा. पूर्ण फरशी काढायची नाही, जाळीभोवतीच्या तीन-चार टाइल्स उचलून ढाळ नीट करता येतो, फक्त खालचं वॉटरप्रूफिंग फुटणार नाही एवढं बघायचं.

ट्रॅपमध्ये हात घाला

ग्लोव्हज घाला, टॉर्च घ्या. न्हाणी ट्रॅपमध्ये काय काय सापडतं म्हणून सांगू, टाइलचे स्पेसर, सिमेंटचे गोळे, व्हाइट सिमेंटचा थर, एकदा तर गवंड्याचं अख्खं फडकं. काम चालू असताना ग्राउटची बादली त्याच ट्रॅपमध्ये धुतात, ते पाणी खाली बसतं आणि दगड होतो. म्हणूनच काम चालू असताना ट्रॅपचं तोंड बंद ठेवायचं असतं.

इथेच दोन गोष्टी सांगून ठेवतो. एक, बाथरूम साफ करायच्या ॲसिडने केस विरघळत नाहीत, ते ग्राउटवर आणि बिडाच्या पाईपवर चालतं, म्हणजे नको तिथेच. आणि ॲसिड टाकल्यावर वरून ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचवालं क्लीनर कधीही टाकू नका, क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं. दोन, उकळतं पाणी ओतू नका, पीव्हीसी पाईप ८० डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतो.

हात घातलाच आहे तर ट्रॅपमधल्या पाण्याची पातळी पण बघा. ट्रॅपला बाहेर जाणारा पाईप असतो, पाणी त्या पाईपच्या तळाशी येऊन थांबायला पाहिजे. अर्धा पाईप पाण्याखाली दिसला आणि तासाभराने पण तसाच असेल तर पुढे एकतर काहीतरी अडकलंय किंवा पाईपाला उलटा ढाळ आहे.

वासाचं पण इथेच कळतं. गावाहून आल्यावरच वास येत असेल तर ट्रॅपमधलं पाणी सुकलंय, दोन तांबे पाणी ओता, गेला वास. रोज येत असेल तर पाण्याचा सील, म्हणजे वास अडवणाऱ्या पाण्याची खोली, किती आहे ते पट्टीने मोजा. ५० मिलिमीटर पाहिजे. कमी उंचीचे जे ट्रॅप मिळतात त्यातल्या बऱ्याच जणांत तो २५-३० च असतो, तो लवकर सुकतो आणि दुसरीकडून जोरात पाणी गेलं की ओढलाही जातो. जागा कमी आहे म्हणून तो ट्रॅप घेतला असेल तर ठीक आहे पण मग ही किंमत आहे.

दोष तुमच्या लाईनमध्ये की बिल्डिंगच्या

वरचे अंघोळ करतात आणि पाणी तुमच्याकडे वर येतं तर तुमचं बाथरूम निर्दोष आहे, मेन स्टॅक (सगळ्या मजल्यांचा उभा पाईप) किंवा खालचं चेंबर तुंबलंय. एक तास घरातले सगळे नळ बंद ठेवा आणि बघा. वर-खाली विचारा. हे काम सोसायटीचं आहे, कॉमन ड्रेनेज लाईनचा खर्च सोसायटीने करायचा असतो आणि फ्लॅटच्या आतल्या लाईनचा आपण, तेव्हा उगाच स्वतःच्या खिशातून स्प्रिंगवाला बोलवू नका. सेक्रेटरींना लेखी द्या.

फक्त तुमचं वॉशिंग मशीन सुटल्यावर फेस येत असेल तर मात्र दोष तुमच्या दोन लाईन जिथे मिळतात तिथे आहे, तो जोड कसा हवा ते पुढे "फोडावंच लागलं तर" मध्ये वाचा.

ट्रॅपला ट्रॅप जोडलाय का

गुडगुड आणि भसकन जाणं, हे लक्षण असेल तर मला साइटवर जायच्या आधीच संशय येतो. जागा कमी, शॉवर हलवला, नवीन जागी नवीन ट्रॅप बसवला आणि त्याचा पाईप आणून जुन्या न्हाणी ट्रॅपमध्ये सोडला, कारण डक्टपर्यंत (बिल्डिंगचे उभे पाईप उतरतात ती मोकळी जागा) वेगळी लाईन न्यायला जागा नव्हती. आता दोन्हीकडे पाणी भरलेलं आणि मध्ये हवा कोंडलेली. ती हवा दाबल्याशिवाय पाणी पुढे सरकत नाही. स्प्रिंग मारून, ॲसिड टाकून यात काडीचा फरक पडत नाही.

बरोबर पद्धत अशी की एकाच वाटेवर एकच सील. मल्टी फ्लोअर ट्रॅप म्हणून मिळतो, त्याला बाजूने दोन-तीन तोंडं असतात आणि एकच सील असतो, त्यात शॉवरची नुसती जाळी किंवा लांब चॅनेल ड्रेन बिनट्रॅपचा जोडायचा. पण चॅनेल ड्रेनसोबत कंपनीचा ट्रॅप येतो आणि प्लंबर बॉक्समध्ये आहे म्हणून तोही बसवतो. तुमच्याकडे असं झालंय का हे कळायला सोपी गोष्ट, जुन्या ट्रॅपची जाळी काढून आत टॉर्च मारा आणि कोणाला तरी शॉवरखाली बादली ओतायला सांगा. जुन्या ट्रॅपमध्ये बाजूने पाणी येताना दिसलं आणि शॉवरच्या जाळीखालीही पाणी साठलेलं असेल तर दोन ट्रॅप आहेत. कधीकधी चॅनेलमधला ट्रॅपचा कप वरून निघतो, तो काढून बघा, पाणी सुसाट गेलं तर काही फोडायचं नाही, तो कप काढलेलाच ठेवा, सील जुन्या ट्रॅपमध्ये आहेच. मात्र दोन्हींच्या मधला तुकडा साफ ठेवावा लागतो, त्यात साबणाचा चिकटा बसून हलका वास येऊ शकतो.

स्प्रिंग

स्प्रिंग ट्रॅपमधून घातली तर ट्रॅपच्या वळणातच अडकते आणि जोर लावला की ट्रॅपच फुटतो. डक्टमध्ये पाईपला झाकणवाला बेंड किंवा झाकणवाला टी असेल तर तिथून उलटी घालायची. झाकण डक्टमध्ये तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असेल तर तुम्ही स्वतः उतरू नका, खिडकीच्या ग्रिलवर पाय ठेवून तर अजिबात नाही. ज्यांच्याकडे झुला आणि बेल्ट आहे त्यांनाच करू दे.

न फोडता उतार मोजणं

ही माझी आवडती तपासणी, आणि बहुतेक लोकांना माहितीच नसते. बाथरूमला डक्टकडे उघडणारी खिडकी असते. खिडकीच्या चौकटीचा खालचा दगड ही आपली खूण. आतून त्या दगडापासून ट्रॅपमधून बाहेर जाणाऱ्या पाईपच्या तळापर्यंत सरळ खाली किती अंतर ते मोजा, लांब असेल तर पाणसळ नळी (पातळी बघायची पाणी भरलेली पारदर्शक नळी) वापरा. बाहेरून त्याच दगडावरून टेपला ओळंबा बांधून खाली सोडा आणि पाईप भिंतीतून जिथे बाहेर पडतो त्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा, त्यात पाईपचा व्यास म्हणजे ७५ मिलिमीटर मिळवा. दोन आकड्यांतला फरक हा तुमच्या पाईपला मिळालेला उतार.

नियम सोपा आहे, फुटाला पाव इंच. शॉवर ते डक्ट सहा फूट असेल तर दीड इंच पाहिजे. मला या तुंबणाऱ्या बाथरूममध्ये कधी अर्धा इंच सापडतो, कधी शून्य, कधी बाहेरचं तोंड आतल्यापेक्षा वर. शून्य सापडलं तर साफसफाईने काही होणार नाही हे मान्य करा, आज साफ कराल, साबण-केस परत तिथेच बसतील. हा सरासरी उतार झाला, मध्ये पाईप खाली बसला असेल तर यात कळत नाही, त्याला कॅमेरा लागतो. मोबाइलला लावायचा स्वस्त पाईप कॅमेरा मिळतो तोही चालतो, फक्त ट्रॅपचं वळण पार होत नाही, झाकणातूनच घालावा लागतो.

उतार का मिळत नाही तर हिशोब बघा. जुन्या बिल्डिंगमध्ये संडास-बाथरूमचा स्लॅब फूटभर खाली असायचा. नंतरच्या इमारतींत सहा-आठ इंचच संकन (म्हणजे स्लॅब खाली घेतलेला भाग) सापडतो. त्यात वरून टाइल आणि तिचा मसाला दोन इंच, पाईप तीन इंच, उतार दीड इंच, तळाचं वॉटरप्रूफिंग आणि प्लास्टर एक इंच, झाले साडेसात. आणि ट्रॅपचं पोट पाईपच्या तळापेक्षाही दोन-तीन इंच खाली जातं ते वेगळंच. सहा इंचाच्या संकनमध्ये हे बसतच नाही. मग कोणीतरी ७५ चा पाईप काढून ५० चा टाकतो आणि तोही आडवा. ५० चा पाईप एका शॉवरला कागदावर पुरतो, पण उतार नसलेला, दोन एल्बो मारलेला आणि केस-साबणाचं पाणी रोज नेणारा ५० चा पाईप टिकत नाही.

ओल असेल तर

पाणी तुंबणं आणि ओल ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकत्र करू नका. खालच्या काकांच्या छताला ओल असेल तर तीन टप्पे करा, प्रत्येकात एक-दोन दिवस जाऊ द्या. पहिल्यांदा बाथरूम पूर्ण बंद, एक थेंब वापरायचं नाही पण नळाचं प्रेशर चालू ठेवा. तरी ओल वाढली तर भिंतीतली किंवा फरशीखालची नळाची लाईन गळतेय, ड्रेनेज नाही. दुसऱ्यांदा बादलीला नळी लावून पाणी थेट ट्रॅपच्या आत सोडा, फरशी कोरडी ठेवून, आणि त्या पाण्यात नीळ मिसळा. खाली निळसर डाग आला किंवा ओल वाढली तर पाईपचा किंवा ट्रॅपच्या मानेचा जॉइंट. तिसऱ्यांदा ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करून फरशीवर इंचभर पाणी २४ तास भरून ठेवा, आता ओल आली तर वॉटरप्रूफिंग गेलंय. ट्रॅपचं तोंड आणि टाइल यांच्यामधला उंचीचा तुकडा हा सगळ्यात बदनाम जॉइंट, तिथे सॉल्व्हेंट न लावता नुसतं व्हाइट सिमेंट फासलेलं असतं.

फोडावंच लागलं तर

प्लंबरला हे आधी विचारा की शॉवर हलवला तरी ट्रॅप जुन्याच जागी ठेवता येईल का. मला विचाराल तर चार बाय सातच्या बाथरूममध्ये हेच करा, शॉवरचा नळ हलवणं सोपं आहे, भिंतीतून पाऊण इंची लाईन कुठेही जाते, ड्रेनेज जात नाही. काचेखालून फरशीच्या ढाळाने पाणी जुन्या ट्रॅपला आणायचं. ते नसेल जमत तर शॉवरच्या भागाला दोन-अडीच इंचाची पायरी द्या, तेवढी उंची पाईपला मिळते. आर्किटेक्ट नाक मुरडतील, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर तिथे धरायला दांडा लावा, पण पाणी जाईल.

लाईन बदलतच असाल तर ७५ च्या खाली जाऊ नका, ९० च्या एल्बोऐवजी दोन ४५ चे बेंड, दोन लाईन मिळतात तिथे सरळ टी नको, तिरका फाटा असलेला वाय घ्या, पाईप सांडपाण्यासाठीचा बी टाइपचा घ्या, ए टाइप पातळ असतो आणि तो पावसाच्या पाण्याला. पाईपखाली विटांचा आधार द्या, नाहीतर भरावाच्या वजनाने मध्येच खाली बसतो. भराव टाकायच्या आधी पाईपचं पुढचं तोंड बंद करून पाणी भरा, रात्रभर ठेवा, आणि टेप धरून फोटो काढून ठेवा.

इथे थांबा

पाईपला उतार मिळावा म्हणून कोणी स्लॅब तासायला किंवा बीममधून होल मारायला निघाला तर काम थांबवा. सळई दिसली की थांबा. स्लॅबमधून खाली कोअर (मशीनने गोल होल) मारून लाईन लटकवायची असेल तर ती खालच्याच्या छतातून जाणार, त्याची परवानगी, सोसायटीची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर हे तिन्ही पाहिजेत, प्लंबरच्या शब्दावर नाही.

डक्टमध्ये जुने करडे सिमेंटचे पाईप असतील तर ते ॲस्बेस्टॉसचे असू शकतात, ग्राइंडर लावू नका, ती धूळ फुप्फुसात जाते. बिडाच्या जुन्या स्टॅकला नवीन पीव्हीसी जोडायचा असेल तेही स्वतः करायचं काम नाही, तो जॉइंट हलला तर वरच्या सगळ्यांचं पाणी तुमच्या भिंतीत येतं. ओल गीझरच्या पॉइंटजवळ किंवा खालच्या घरातल्या दिव्याजवळ असेल तर आधी एमसीबी खाली करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा, ड्रेनेज नंतर.

आणि दुरुस्ती झाली की खालच्या काकांना लगेच रंग लावू देऊ नका. संकनच्या भरावात मुरलेलं पाणी काम बरोबर झालं तरी काही आठवडे उतरत राहतं. छतावरच्या ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा, दर रविवारी बघा, ओल रेघेच्या आत सरकत असेल तर सुकतंय, बाहेर गेली तर मला नाही, ज्याने जॉइंट केला त्याला फोन करा.